उरलेले दोन ग्लास

१

शनिवारी आमच्याकडे पोहे असतात. त्या आठ महिन्यांत ते मीच करायचे आणि हृषीच्या ताटलीत उरलेले अर्धे ओट्याशी उभी राहून मीच संपवायचे. टाकवत नाही मला. चहाचा शेवटचा घोट, भाताची गार झालेली मूद, लेकीने चिवडलेलं सफरचंद, सगळं माझ्याच पोटात. हृषी बरा होता तेव्हा मला ‘घरातलं बायोम्युल’ म्हणायचा, म्हणजे ओल्या कचऱ्याचा डबा. मी त्याला लाटणं दाखवायचे.

हृषी म्हणजे हृषिकेश, माझा नवरा. जर्मनीत कार्ल्सरूहेला गिअरबॉक्सचं काम करणारा मेकॅनिकल इंजिनिअर. फेब्रुवारीत एका मंगळवारी तो उठलाच नाही. ताप नाही, खोकला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. डॉक्टरांनी क्रांकश्राइबुंग, म्हणजे आजारपणाच्या रजेची चिठ्ठी दिली, चार आठवड्यांची, मग आणखी चार. मानसोपचाराच्या वार्टेलिस्टवर, प्रतीक्षायादीत, नाव घातलं तर नंबर लागला पुढच्या मार्चात. गोळ्यांचं नाव काढलं की तो पांघरूण डोक्यावर ओढायचा. ‘पाणी’ एवढा एकच शब्द त्याच्या तोंडून निघायचा. पाठ न वळवता हात मागे करायचा आणि मी त्या हातात ग्लास द्यायचे.

मी काही देवी नाही. चिडायचे, भांडी आपटायचे. वाल्डॉर्फच्या ऑफिसातून काम संपवून गाडी घरापाशी लावली की पाच मिनिटं तशीच बसून राहायचे, कारण वर जायची हिंमत होत नव्हती. आठ वर्षांची स्वानंदी घरात मांजरासारखी पाय न वाजवता चालायला शिकली होती. मला दुसरं काहीएक नको होतं. मला माझा नवरा परत हवा होता.

आणि ऑक्टोबरात, आठ महिन्यांनी पहिल्यांदा, त्याने काहीतरी मागितलं.

“निशी, मला हे करायचंय.” त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर एक हिरवागार बेडूक होता.

२

ॲमेझॉनच्या जंगलातला बेडूक. त्याच्या अंगावरचा चीक काढून वाळवतात, माणसाच्या दंडावर चटके देऊन त्या जागी तो लावतात. आधी पाणी प्यायचं, मग ओकायचं, आणि आतलं साचलेलं बाहेर जातं म्हणे. तिकडचे आदिवासी शिकारीला जाण्याआधी करतात. आणि इथे? इथे कायझर्सलाउटर्नच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका खेड्यात कारीन नावाची बाई करते.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. प्रत्येक गोष्टीत खोट काढण्याचा मला पगार मिळतो. लगेच उज्ज्वलला फोन लावला. उज्ज्वल हृषीचा हॉस्टेलपासूनचा मित्र, कायझर्सलाउटर्नच्या एका संस्थेत केमिस्ट्रीचा संशोधक.

“वहिनी, नका करू,” तो म्हणाला. “आम्हाला लहानपणापासून विहारात एकच शिकवलं, कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, तपासायचं. मी तपासलंय. त्या चिकाने रक्तदाब धाडकन खाली येतो, हृदयाचा त्रास असेल तर माणूस जाऊ शकतो. आणि सगळ्यात वाईट ते पाणी. लोक चार-चार, पाच-पाच लिटर ढोसतात. रक्तातलं सोडियम उतरतं, मेंदूला सूज येते. असे मेलेत लोक.”

“अरे, पण आठ महिन्यांत त्याने पहिल्यांदा तोंड उघडलंय.”

उज्ज्वल म्हणाला, “मग त्याच्या बाजूला बसा. पाणी मोजा. बरळायला लागला, झटके आले, तर कोणाचं ऐकायचं नाही, सरळ ११२. मी वीस मिनिटांवर आहे.”

नाशिकच्या सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर त्या निवांत. “अगं, वमनच की ते. वैद्य करतात आपल्याकडे पंचकर्मात. बेडूक तेवढा नवीन.” माझा धीर तेवढ्यानेच वाढला. बेडकाच्या विषाला मी मनातल्या मनात नाशिकच्या वैद्यांच्या ओसरीवर नेऊन बसवलं.

आणि खरं सांगायचं तर कारीनमध्ये खोट सापडेना. साठीची, आखूड पांढऱ्या केसांची, आधी फिजिओथेरपिस्ट होती. हे औषध म्हणून इथे मान्य नाही, हे तिने स्वतःच फॉर्मच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं. हृषीचा ईसीजी मागवला, रक्ततपासणी मागवली. एका बाईला बीपीची गोळी चालू आहे म्हणून माझ्यादेखत फोनवर नकार दिला. दोन लिटरच्या वर थेंब नाही म्हणाली. मी पर्समध्ये भारतातून आणलेली ओआरएसची चार पाकिटं टाकली आणि स्वानंदीला मैत्रिणीकडे सोडून आम्ही निघालो.

३

शनिवार, सकाळचे साडेदहा. बैठकीची खोली साधीच होती. लाकडी जमीन, खिडकीखाली गरम हीटर, भिंतीवर स्वयंपाकघरात असतं तसलं गोल घड्याळ. चार निळ्या गाद्या, प्रत्येकीपुढे पांढरी बादली आणि दोन लिटरचा पाण्याचा जग, जगावर टेपने चिकटवलेलं नाव. हृषीखेरीज तिघं होते, सगळे जर्मन, सगळे मुकाट. मला हृषीच्या मागे, भिंतीला टेकून बसायची परवानगी मिळाली.

“आल्झो,” म्हणजे ‘तर मग’, कारीन म्हणाली, “जे बाहेर टाकायचंय ते आधी पाण्याला सांगा. हळू सांगा. मला ऐकायचं नाहीये.”

काय बाई एकेक, म्हणून मी छताकडे पाहिलं. पण हृषीने जग दोन्ही हातांनी धरला, तोंडाजवळ नेला आणि खूप वेळ त्यात बोलत राहिला. मराठीत बोलत होता. मला शब्द कळले नाहीत, फक्त त्याची पाठ हलताना दिसत होती. आठ महिन्यांत तो माझ्याशी एवढं बोलला नव्हता. मला त्या जगाचा चक्क राग आला.

मग तो प्यायला. ग्लासमागून ग्लास. दीड लिटर झाल्यावर मान हलवली, जाईना. कारीन म्हणाली, “पुरे. जबरदस्ती नको. उरलेलं तसंच ठेवा, नंतर मी बागेत ओतते.” आणि ती पलीकडच्या माणसाची नाडी बघायला गेली.

जगात दोन ग्लास पाणी उरलं होतं. त्याचा सकाळपासून उपास, म्हणून मीही काही खाल्लं-प्यायलं नव्हतं. आम्ही बायका करतो असले प्रकार, कोणी सांगितलेलं नसतं. घशाला कोरड पडली होती. आणि नवऱ्याच्या पुढ्यातलं उरलेलं संपवायला मला विचार करावा लागत नाही. मी जग उचलला, त्याच्याच ग्लासात ओतलं, एकदा आणि पुन्हा एकदा. जग रिकामा करून जागेवर ठेवला. पाणी कोमट होतं. त्याला हृषीच्या तोंडाचा सकाळचा वास होता.

कोणी पाहिलं नाही. मलाही त्यात पाहण्यासारखं काही वाटलं नाही.

४

कारीनने वेलीच्या जळत्या टोकाने त्याच्या दंडावर तीन चटके दिले. मसुराएवढे. वाळलेल्या चिकाची पट्टी लाकडावर वार्निश लावल्यासारखी चमकत होती. पाण्याचा थेंब टाकून तिने तो चीक खरवडला आणि तीन ठिपके लावले. घड्याळात अकरा वीस झाले होते.

मिनिटभरात हृषीची मान लाल झाली. गळ्याची शीर मला मागून उडताना दिसत होती. मग चेहरा सुजला. ओठ, पापण्या, गाल. हे होणार हे तिने आधीच फोटोंसकट सांगितलं होतं. मग ओकाऱ्या. चौघंही एकदम. पाणी, नंतर पिवळं पित्त. मी त्याची पाठ चोळत होते आणि तोंडाने उगाचच “झालं, झालं” म्हणत होते.

शेवटच्या उमाळ्याला, तो बादलीवर वाकलेला असताना, माझ्याच पोटात ढवळून आलं. तोंडात पाणी सुटलं, काहीतरी गळ्यापर्यंत वर आलं. चारचौघांत काय हा तमाशा, म्हणून मी दात आवळले आणि ते गिळून टाकलं.

कारीन प्रत्येकाच्या बादलीत डोकावत आली. हृषीपाशी उकिडवी बसली आणि तिथून हलेना. “अजून राहिलंय,” ती म्हणाली. वाट पाहिली. त्याच्या पाठीवर थोपटलं. काही आलं नाही. मग तिची नजर जगावर गेली.

“हे सगळं यांनी प्यायलं?”

आता या बाईला काय सांगू, की मी नवऱ्याचं उष्टं प्यायले? तिघं परके लोक तोंड पुसत माझ्याकडे बघत होते.

“या,” मी जर्मनमध्ये म्हटलं. म्हणजे हो.

तिच्या कपाळावर आठी पडली. तिच्या हिशेबाने त्याच्या पोटात दोन लिटर गेले होते, म्हणजे आणखी पाणी देणं धोक्याचं. तिने ठिपके पुसले, त्याला खारट सूप दिलं आणि तीन तास समोरून हलू दिलं नाही. तारीख विचारली, माझं नाव विचारलं. त्याने सगळं बरोबर सांगितलं. सूज उतरली. मी उज्ज्वलला मेसेज केला, सगळं ठीक.

परतताना हृषी म्हणाला, “निशी, भूक लागलीये गं.” गाडी चालवता चालवता मला रडू फुटलं.

५

आणि तो बरा झाला. थोडाथोडका नाही, पूर्ण. सोमवारी सहाला उठून दाढी केली, केस कापून आला. आठवडाभरात ऑफिसात फोन करून नोव्हेंबरपासून येतो म्हणाला. स्वानंदीला सायकलवर शाळेत सोडू लागला. पोरगी घरात पुन्हा धाडधाड पाय आपटत फिरायला लागली, आणि खालच्या बाईंनी तक्रार केली तर मला पेढे वाटावेसे वाटले.

दुसऱ्या रविवारी उज्ज्वल जेवायला आला. हृषीने स्वतः मटण केलं होतं.

“सांग ना, कसे गेले रे तुझे ते दिवस?” उज्ज्वलने विचारलं.

हृषीने हाडूक चोखत विचार केला. “कंटाळवाणे. एकटाच असायचो ना घरात. स्वतःच उठायचो, पाणी-बिणी घ्यायचो, परत झोपायचो.”

मी वाढता वाढता थांबले. “एकटा? आणि मी कुठे होते?”

“तू ऑफिसला.” तो सहज म्हणाला.

“अरे, मी चार महिने घरून काम केलं! तुला न्हाऊ कोण घालत होतं?”

तो गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला. खोटं बोलत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर खरंच काही नव्हतं. मग हसून म्हणाला, “असशील. मला नाही आठवत. जाऊ दे ना, संपलं ते.”

उज्ज्वल मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाला, “वहिनी, एकदा त्याचं सोडियम तपासून घ्या.” घेतलं. उत्तम निघालं. डिप्रेशनमध्ये असं होतं, आठवणी पुसट होतात, डॉक्टर म्हणाले. मला पटलं. पण पटलं म्हणून दुखायचं थांबत नाही. आठ महिने मी त्या माणसाच्या उशाशी खुर्चीत काढले आणि त्याच्या लेखी ती खुर्ची रिकामी होती. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

६

आमच्या बाथरूमला खिडकी नाही. दिवा लावला की छतातला पंखा घरघरतो आणि दिवा बंद केल्यावर तीन मिनिटांनी आपोआप थांबतो.

पुढच्या शनिवारी मी तिथे दात घासत होते. सुट्टी, उशिरा उठलेली. अचानक मान तापली. ओठ जड झाले. आरशात पाहिलं तर पापण्या फुगत होत्या, माझ्या डोळ्यांदेखत, पुरीसारख्या. ब्रश हातातून पडला. पंधरा-वीस मिनिटांत सगळं उतरलं. मोबाइल पाहिला तेव्हा बारा वाजायला वीस कमी होते.

ॲलर्जी, डॉक्टर म्हणाले. काय खाल्लं? काही नाही. टूथपेस्ट बदला. माझंही सोडियम बघितलं, एकशे एकोणचाळीस. अगदी जसं हवं तसं.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. गडबड पुन्हा घडवून दाखवता आली तरच ती गडबड. म्हणून त्यापुढच्या शनिवारी मी टूथपेस्ट बदलली, काही न खाता-पिता सोफ्यावर घड्याळ समोर ठेवून बसले. अकरा वीसला मान तापली.

आणि तेवढ्यात बाथरूममधला पंखा सुरू झाला.

हृषी असेल म्हणून मी सुजलेलं तोंड ओढणीत लपवून तिकडे गेले. दार आतून बंद. आत कोणीतरी ओकत होतं. कोरड्या ओकाऱ्या, मधूनमधून धाप. परत सुरू झालं की काय याचं?

“हृषी? काय होतंय?” मी दार वाजवलं.

“थांब गं,” आतून घोगरा आवाज आला. “होतच नाहीये.”

“कोणाशी बोलतेस?” हृषीने विचारलं. तो माझ्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. हातात कांदा, डोळ्यांतून पाणी, गालावर हसू. “आणि तोंडाला काय झालं तुझ्या?”

मी कडी ओढली. दार आता उघडंच होतं. आत कोणी नाही, टब कोरडा, पंखा घरघरतोय. टबच्या काठावर टाकलेला टॉवेल मधोमध दबलेला होता, कोणी बसून उठल्यासारखा.

जर्मन इमारतींत पंख्याच्या हवेच्या शाफ्टमधून वरच्या-खालच्या घरांचे आवाज येतात, हे मी स्वतःला शंभरदा सांगितलं. पण वरच्या मजल्यावरचे आजोबा मराठी बोलत नाहीत.

७

सोमवारी ऑफिसच्या पार्किंगमधून मी कारीनला फोन केला. हृषी कसा आहे, तिने विचारलं. छान आहे, म्हटलं. मग माझ्या सुजेचं सांगितलं, वार आणि वेळेसकट. बाथरूमचं नाही सांगितलं. मला वेडी ठरायचं नव्हतं.

मग ती म्हणाली, “त्या जगातलं उरलेलं कोणी प्यायलं?”

“समजा, कोणी प्यायलं असेल. तर?”

“तर त्या माणसाने त्याच दिवशी ओकायला हवं होतं.”

“आणि नसेल ओकलं?”

“मला माहीत नाही. माझ्याकडे असं कोणी केलेलं नाही.” तिचा आवाज बारीक झाला. ती घाबरली होती आणि त्यामुळे मी जास्त घाबरले. “तुम्ही डॉक्टरांकडे जा. माझ्याकडे येऊ नका. आणि स्वतः घरी पाणी पिऊन काही करायला जाऊ नका, ऐकताय ना?”

ऐकलं नाही मी. मंगळवारी सगळे बाहेर गेल्यावर स्वयंपाकघरातल्या बेसिनपाशी उभी राहून सहा ग्लास प्यायले, घशात बोटं घातली. स्वच्छ पाणी बाहेर आलं. दुसरं काही नाही. डोकं दुखायला लागलं, पायांत गोळे आले, तेव्हा उज्ज्वलचे शब्द आठवून ओआरएसचं पाकीट फोडलं आणि जमिनीवर बसून प्यायले. मूर्ख बाई, असं मोठ्याने म्हणाले स्वतःला.

“निशी,” बाथरूममधून तोच घोगरा आवाज म्हणाला. मंगळवारी, दुपारी एक वाजता. पंखासुद्धा चालू नव्हता. “मला दे ना थोडं.”

मी चपला न घालता जिना उतरले आणि स्वानंदीच्या शाळेपर्यंत चालत गेले.

८

मी उज्ज्वलला सगळं सांगितलं. अगदी सगळं, उष्ट्या पाण्यापासून. तो हसला नाही.

“वहिनी, आठ महिने तुम्ही झोपला नाहीत. तो सावरला आणि आता तुम्ही कोसळताय. असं होतं. मी शनिवारी अकराला येतो. मीच उघडतो ते दार.”

खूप हायसं वाटलं. कोणीतरी शहाणा माणूस खोलीत असेल, बस. शनिवारी पावणेअकराला त्याचा मेसेज आला. मानहाइमला रुळांवर काहीतरी बिघाड, गाडी उभी आहे, बाराला पोचतो. तोवर खाली जाऊन फिरून या, त्याने लिहिलं होतं. मी कोट घातलासुद्धा.

स्वयंपाकघरात हृषी पोहे परतत होता. स्वानंदी ओट्यावर बसून त्याला जर्मनमध्ये शाळेतलं काहीतरी सांगत होती आणि तो मराठीत तिची टर उडवत होता. हळद, कढीपत्ता, दोघांचं खिदळणं. हेच हवं होतं ना मला? मी दारात उभी राहून बघत होते. दोघांपैकी कोणी मागे वळून पाहिलं नाही.

मान तापली. पंखा सुरू झाला.

मी बाहेरच्या दाराकडे न जाता बाथरूमकडे का गेले, हे मला विचारू नका. दार हातभर उघडं होतं. टबच्या काठावर, भिंतीकडे तोंड करून तो बसला होता. मला फक्त पाठ दिसली आणि मानेवर वाढलेले केस, ऑक्टोबरात होते तितके. ती पाठ मी साबण लावून धुतली आहे. अंधारात चाचपूनही ओळखीन. तो थरथरत होता. दमला होता फार.

त्याने हात मागे केला. “पाणी.”

भीती वाटली का? वाटली. पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते मी आजवर उज्ज्वललाही सांगितलेलं नाही. मला त्याची दया आली. इतके दिवस हा इथे एकटा बसलाय आणि मी मात्र पळतेय.

मी स्वयंपाकघरात जाऊन ग्लास भरला.

“कोणाला?” हृषीने विचारलं.

“मला,” मी म्हटलं.

ग्लास त्या हातात दिला. बोटं ऊबदार होती. गटगट आवाज आला, तहानलेल्या माणसाचा. आणि माझ्या ओठांची सूज झरझर उतरली. छातीवर धोंडा होता, तो कोणी उचलून घेतल्यासारखं वाटलं. मला कळलंच नव्हतं मी काय वाहत होते.

स्वयंपाकघरात कढई जमिनीवर आदळली.

९

हृषी ओट्याला टेकून खाली बसला होता, पोहे सगळीकडे सांडलेले. त्याची मान लाल झाली होती, ओठ सुजत होते. स्वानंदी त्याचा खांदा हलवत होती. मी मोबाइल काढला, ११२ लावायला. एक, एक. अंगठा तिसऱ्या आकड्यावर होता.

“निशी,” हृषी म्हणाला.

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि महिनाभरात पहिल्यांदा मला पाहिलं. डोळे सुजून बारीक झालेले, तरी पाणी वाहत होतं. “माझी नखं तू कापायचीस. खिडकीपाशी बसवून. मी हात ओढून घ्यायचो आणि तू ओरडायची नाहीस.” धाप लागली त्याला. “तू होतीस. रोज होतीस गं.”

आठ महिने आणि एक महिना मी हे ऐकायला थांबले होते. अंगठा आकड्यावरून निघाला.

“अजून सांग,” मी म्हटलं. “अजून काय आठवतंय?”

तो तोंड उघडून शोधत राहिला. “एवढंच. अर्धंच आहे. पुढचं...” आणि त्याची मान छातीवर पडली.

पंखा चालू होता. आतून आवाज आला, आता जरा स्पष्ट, जरा जवळून. “अजून एक, निशी.”

दोन ग्लास होते ते. एक झाला होता. दुसरा दिला की काय होईल, हे मला नीट कळत होतं. माझं डोकं इतकं स्वच्छ कित्येक दिवसांत चाललं नव्हतं. भिंतीकडे वळलेली पाठ परत येईल, पांघरूण परत येईल, पोरगी पुन्हा पाय न वाजवता चालेल, पण उरलेलं अर्धंही त्याला आठवेल. नाहीतर आकडा दाबायचा, गाडी बोलवायची, आणि हसऱ्या, छान, बऱ्या झालेल्या माणसाबरोबर जन्म काढायचा, ज्याच्या लेखी मी नव्हतेच.

मी मोबाइल ओट्यावर ठेवला आणि ग्लास नळाखाली धरला. काठोकाठ भरला.

स्वानंदी रडत होती. मला वाटलं ती बाबांपाशी बसेल, पण मी दाराकडे वळले तशी ती धावत आली आणि माझ्या कोटाला लटकली. ती मला कधी अडवत नाही.

“आई, बाबा इस्ट डोख हिअर!” बाबा इथे आहेत ना, इथे!

“बाजूला हो, सोन्या,” मी म्हटलं. “बाबांना तहान लागलीये.”